काट्यावरचा शिक्का बघता का? आणि शिक्का मारणाऱ्याचं वजन कोण तपासतं?

मसालेगल्ली:
नमस्कार मंडळी. लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं, आता मी आणि माझा भाऊ बघतो. मार्च ते मे दुकानात उभं राहायला जागा नसते, अख्खी मुंबई वर्षाचा मसाला करायला येते. गिऱ्हाईक बेडगीचा भाव काय, संकेश्वरी किती, सगळं चार दुकानं फिरून तोंडपाठ करून येतं, पण ज्या काट्यावर ती मिरची तोलली जाणार त्या काट्याकडे कुणी बघत नाही. शिक्का आहे का, कधीचा आहे, असं विचारणारं माणूस फार क्वचित भेटतं आणि भेटलं की मला खरंच बरं वाटतं.

कायदा थोडक्यात सांगते. वैधमापन कायदा, म्हणजे वजनमापांचा कायदा, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०११ ला. आधीचे १९७६ चा आणि १९८५ चा असे दोन कायदे होते ते रद्द करून हा आणला. कलम २४ प्रमाणे धंद्यात वापरायचं कुठलंही वजन, माप, काटा हे वापरायला काढायच्या आधी पडताळून शिक्का मारून घ्यायचं. नंतर फेरपडताळणी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काट्याला दर १२ महिन्यांनी, आणि लोखंडी वजनं, लिटरची मापं, कापडवाल्याचा मीटर, दांडीचा तराजू यांना दर २४ महिन्यांनी. आम्ही धंदेवाले याला पासिंग म्हणतो. प्रमाणपत्र मिळतं ते दुकानात दिसेल असं लावायचं.

इथपर्यंत बहुतेक दुकानदारांना माहीत असतं. मला बोलायचंय ते कलम ९ बद्दल, जे कुणी वाचतच नाही. वैधमापन खात्याचे निरीक्षक साहेब ज्या वजनांनी आमचा काटा तपासतात ती वजनंसुद्धा ठरलेल्या पद्धतीने पडताळलेली आणि शिक्का मारलेली असायला हवीत आणि तशी नसतील तर ती प्रमाण वजनं म्हणून धरलीच जाणार नाहीत, असं ते कलम सांगतं. म्हणजे कायद्याने दुकानदाराला बांधलंय तसं सरकारलाही बांधलंय. मग माझं साधं म्हणणं असं की जिथे पासिंग होतं, ऑफिस असो नाहीतर बाजारातला कॅम्प, तिथे निरीक्षकांच्या त्या वजनपेटीचं स्वतःचं पडताळणी प्रमाणपत्र तारखेसकट भिंतीवर लावलं पाहिजे. आम्हाला प्रमाणपत्र लावायला लावता ना, मग तुमचंही लावा. काय वाटतं तुम्हाला?

दादरकर काका:
ताई विषय महत्त्वाचा आहे पण प्रमाणपत्र भिंतीवर लावून काय होणार? मुंबईत दुकानं किती, फेरीवाले किती आणि निरीक्षक किती. मी पंचेचाळीस वर्षं दादरला भाजी घेतोय, दगडाचं वजन वापरणारे पण बघितलेत आणि पारड्याखाली चुंबक लावणारे पण. काट्याला शिक्का असून माणूस फसवतो तिथे शिक्क्याचा काय उपयोग?

माझा मुख्य राग मिठाईच्या खोक्यावर आहे. गणपतीत एका दुकानात (नाव घेत नाही) किलोभर काजूकतली घेतली, काटा इलेक्ट्रॉनिक, शिक्का ताजा, सगळं व्यवस्थित, आणि पठ्ठ्याने जाड पुठ्ठ्याचं खोकं ठेवून त्यातच माल तोलला. घरी येऊन मुलीच्या काट्यावर रिकामं खोकं ठेवलं तर ६० ग्रॅम. १२०० रुपये किलोचा माल, म्हणजे ७२ रुपये पुठ्ठ्याचे दिले मी! यात काटा काय करणार?

मसालेगल्ली:
काका तुमचा राग अगदी रास्त आहे. खोक्याचं वजन मालात धरणं हे सरळ सरळ कमी माल देणं आहे, कायद्यात त्याला वेगळं कलमच आहे (३०). त्यासाठी काट्यावर टेअर नावाचं बटण असतं, रिकामं खोकं ठेवायचं, बटण दाबायचं, शून्य आलं की मग माल. दुकानदाराने नाही केलं तर आपण सांगायचं की खोकं आधी ठेवा आणि शून्य करा. सांगायला अजिबात लाजू नका, मी स्वतः दुकानदार असून सांगतेय.

पण शिक्क्याचा उपयोग काय याचं उत्तर देते. लबाडी हा एक भाग झाला. लबाडी न करणाऱ्याचा काटासुद्धा बिघडतो हो. आमच्याकडे मिरचीची धूळ उडते, पोतं धाडकन आपटलं जातं, दिवसभर काटा चालू, आतला लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा भाग, हळूहळू हलतो आणि आम्हाला कळतही नाही. कधी गिऱ्हाइकाचं जातं कधी आमचं जातं. वर्षातून एकदा कुणीतरी बाहेरच्याने खात्रीच्या वजनांनी ते बघितलं पाहिजे, आणि ती वजनं खात्रीचीच आहेत हे दिसलं पाहिजे, म्हणून तर कलम ९.

ग्रॅम मिलिग्रॅम:
धागा बघून राहवलं नाही. मी ठाण्यात एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये नोकरी केली, सरकारी नाही खाजगी, आता रिटायर. ताईंनी सांगितलेली साखळी नीट मांडतो, कारण लोकांना वाटतं निरीक्षकाच्या पेटीतलं वजन हेच शेवटचं.

सगळ्यात वर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिथे भारताचा किलो आहे, प्लॅटिनम इरिडियमचा, नंबर ५७. मीटर करार म्हणजे मापांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात आपण १९५७ साली सहभागी झालो. २० मे २०१९ पासून जगभर किलोची व्याख्या प्लँक स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका कायम राहणाऱ्या आकड्यावर आली, धातूच्या तुकड्यावर राहिली नाही, पण रोजच्या कामाला वजनं लागतातच. त्या राष्ट्रीय प्रमाणांच्या खाली रेफरन्स स्टँडर्ड, म्हणजे ताडून बघायची प्रमाण वजनं, ती प्रादेशिक प्रयोगशाळांत असतात, अहमदाबाद, बंगळुरू, फरीदाबाद, भुवनेश्वर, गुवाहाटी, आणि आता आपल्या राज्यात नागपूरला पण आहे. त्याखाली राज्याच्या लॅबमधली सेकंडरी स्टँडर्ड आणि सगळ्यात खाली निरीक्षकाकडची वर्किंग स्टँडर्ड. प्रत्येक पायरी वरच्या पायरीशी ताडून बघायची आणि मुदत संपली की पुन्हा ताडायची.

आता गंमत नाही, काळजीची गोष्ट सांगतो. वर्किंग वजनं ही सर्वात जास्त हाताळली जातात. टेम्पोतून जातात, कॅम्पमध्ये टेबलावर ठेवली जातात, मुंबईची दमट हवा, घामाचे हात, पावसाळ्यात तर विचारू नका. पितळी वजनावर बोटांचा तेलकटपणा बसतो, कास्ट आयर्नवर गंज चढतो. म्हणजे जी पायरी सर्वात जास्त झिजते तिच्यावरच लाखो काटे अवलंबून. त्यामुळे ताईंची तारीख लावायची मागणी मला शंभर टक्के पटते. आमच्या लॅबमध्ये कुठलाही गिऱ्हाईक येऊन तुमच्या मास्टर वजनांचं सर्टिफिकेट दाखवा म्हणायचा आणि आम्ही दाखवायचो. त्यात कमीपणा काय?

अनुजा बोरिवली:
काका एक प्रश्न, आमच्या कंपनीत काट्याला एनएबीएलवाल्या (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) लॅबचं सर्टिफिकेट असतं, मग परत सरकारी शिक्का कशाला?

ग्रॅम मिलिग्रॅम:
दोन वेगळी कामं आहेत. कॅलिब्रेशन म्हणजे तुमचा काटा किती चुकतो ते मोजून कागदावर लिहून दिलं. तो चुकतो ते चालण्यासारखं आहे की नाही हे लॅब ठरवत नाही, तुम्ही ठरवता. पडताळणीत कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे का बघतात, असेल तर शिक्का, नसेल तर नाकारतात. खरेदीविक्रीला काटा वापरत असाल तर लॅबचा कागद कितीही भारी असला तरी शिक्का लागतोच.

मसालेगल्ली:
मर्यादेचा विषय निघाला म्हणून माझ्या मनातली सर्वात मोठी गोष्ट लिहिते, जरा लांबेल.

कुठल्याही काट्यावर एक पट्टी असते. त्यावर क्लास, मॅक्स, मिन आणि ई असं लिहिलेलं असतं आणि आयएनडी अशी सुरुवात असलेला मॉडेल अप्रूव्हलचा, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेल्या सरकारी मंजुरीचा, नंबर असतो. क्लास म्हणजे अचूकतेचा वर्ग, मॅक्स आणि मिन म्हणजे जास्तीत जास्त आणि कमीत कमी वजन. किराणा दुकानात सर्रास दिसतो तो काटा म्हणजे क्लास ३, मॅक्स ३० किलो, ई ५ ग्रॅम. ई म्हणजे पडताळणीचा टप्पा, चूक किती चालते ते त्याच्या हिशोबाने ठरतं. मिन असतं ई च्या वीस पट म्हणजे १०० ग्रॅम. याचा अर्थ १०० ग्रॅमच्या खालचं वजन या काट्यावर करूच नये.

आता मसाला कसा घेतात ते बघा. मिरची पाच किलो, धणे दोन किलो, आणि मग दगडफूल ५० ग्रॅम, नागकेशर २५ ग्रॅम, जायपत्री २० ग्रॅम, वेलची ५० ग्रॅम. हे सगळं जर त्याच ३० किलोच्या काट्यावर तोललं तर काय होतं? पासिंगच्या वेळी अडीच किलोपर्यंत या काट्याला अडीच ग्रॅम इकडेतिकडे चालतं, वापरात असताना त्याच्या दुप्पट म्हणजे पाच ग्रॅम. ५० ग्रॅम वेलचीवर पाच ग्रॅम म्हणजे दहा टक्के! काटा पास झालेला, शिक्का ताजा, दुकानदार प्रामाणिक, आणि तरीही तुमच्या वेलचीतला दहावा हिस्सा गायब होऊ शकतो किंवा आमचा जाऊ शकतो. वेलची किलोला हजारांत असते, हिशोब तुम्हीच करा.

म्हणून आम्ही दुसरा छोटा काटा ठेवलाय, मॅक्स ६ किलो, ई १ ग्रॅम, मिन २० ग्रॅम. त्याचं पासिंग वेगळं, फी वेगळी, पण बारीक माल त्याच्यावरच. गल्लीतल्या बऱ्याच जणांना मी हे समजावलं, काहींनी घेतला काही म्हणतात एवढ्यासाठी कोण खर्च करतो. लालबागला मसाला घ्यायला याल तेव्हा पट्टीवरचं मिन जरूर वाचा आणि जायपत्री मोठ्या काट्यावर चढवली तर छोटा काटा आहे का विचारा. दुकानदार चिडला तर चिडू दे.

वेसावकर:
वाचून आमच्या आयची आठवण आली, ती आजही बाजारात बसते. आमच्याकडे बोंबील, करंदी, मांदेली वाट्यावर, पापलेट सुरमई पूर्वी नगावर, आता गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतं म्हणून काटा आला. बंदरावर लिलाव टोपलीवर होतो. आयला वाट्याचा अंदाज इतका पक्का की हाताने घातलेले चार वाटे तोलून बघितले तर फार फरक नसतो. पण काट्यावर विकायचं तर शिक्का हवा हे तिला माहीत आहे आणि ती करून घेते.

अडचण सांगतो. पासिंगला काटा द्यायचा म्हणजे तो दिवस काटा नाही, मासळी काही दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबत नाही. म्हणून बायका रिपेअरवाल्याकडे देतात, तो चार बायकांचे काटे गोळा करून नेतो आणि सरकारी फीच्या वर किती घेतो त्याला धरबंध नाही, वर पावती पण त्याची नाही. एकदा एकाने असे पैसे घेतले आणि प्रमाणपत्र महिनाभर दिलंच नाही, मधे तपासणी झाली तर आयने काय दाखवायचं? मासळी बाजारातच सकाळचा धंदा उरकल्यावर कॅम्प लावला, फीचा तक्ता लावला तर निम्म्या तक्रारी संपतील.

मसालेगल्ली:
वेसावकर दादा, फीचा मुद्दा अगदी बरोबर. रिपेअरवाल्याला सरकारी लायसन्स असतं, दुरुस्तीचे पैसे तो घेणार ते ठीक, पण पडताळणीची फी सरकारजमा होते आणि तिची पावती काटामालकाच्या नावावर मिळाली पाहिजे. आईंना सांगा की दोन्ही पैसे वेगळे वेगळे विचारायचे. आणि फिरत्या विक्रेत्याने प्रमाणपत्र टांगायची गरज नसते, जवळ ठेवलं तरी चालतं.

पेढीवरचा:
झवेरी बाजारात नोकरी करतो, थोडं सोन्याबद्दल. आमचे काटे क्लास २ चे, काचेच्या पेटीत, पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा आकडा हलतो. ई १० मिलिग्रॅम असेल तर ५० ग्रॅमपर्यंत ५ मिलिग्रॅमची सूट पासिंगला असते, वापरात त्याच्या दुप्पट, आणि आजच्या भावात १० मिलिग्रॅम म्हणजे शंभर रुपयांच्या वर जातं. त्यामुळे गिऱ्हाइकाने दागिना ठेवायच्या आधी आकडा शून्य आहे ना बघावं आणि पंखा खाली फिरत असेल तर पेटीचं दार लावायला सांगावं.

दुसरं म्हणजे तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारात बोलताना आता १० ग्रॅमला तोळा म्हणतात. बोलण्यात रूढ आहे पण बिलावर ग्रॅमच पाहिजे. कायदा स्पष्ट सांगतो की भाव आणि बिल प्रमाण मापातच द्यायचं. माझ्या शेठचे वडील सांगायचे की मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा मण ८२ पौंडांचा, व्यापारी दोन्हीकडे हिशोब करता करता दमायचे. १९५६ चा कायदा आला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला तेव्हा ही भानगड मिटली.

अनुजा बोरिवली:
मी रोज स्कूटर चालवते म्हणून पेट्रोलचं. प्रत्येक पंपावर ५ लिटरचं माप असतं आणि ते शिक्का मारलेलंच असावं लागतं. शंका आली तर मागायचा हक्क आहे आपल्याला. मी मागितलंय. आधी टाळाटाळ झाली, मागे हॉर्न वाजत होते, पण मी हललेच नाही, शेवटी आणलं. माप आधी पेट्रोलने ओलं करून रिकामं करतात आणि मग भरतात, कोरड्या मापात भरलं तर थोडं कमीच दिसतं हे मला तिथल्याच एका वयस्कर कामगाराने समजावलं. ५ लिटरला २५ मिलिलिटर कमीजास्त चालतं. माझ्या वेळी बरोबर निघालं. तरी पुढे पण मागणार आहे, बायकांनी विशेषतः मागावं, आपल्याला काय कळतं असं गृहीत धरतात.

दादरकर काका:
शाब्बास अनुजा.

मला आता दुसरं विचारायचंय. निरीक्षक पुरत नाहीत तर हे काम खाजगीकडे का देत नाहीत?

ग्रॅम मिलिग्रॅम:
काका, ती सोय आहे. सरकारमान्य चाचणी केंद्रं, त्याचे नियम २०१३ चे आहेत, कलम २४ मध्येच तरतूद आहे. सुरुवातीला पाण्याचे मीटर, रक्तदाब मोजायचं यंत्र, थर्मामीटर, मोजपट्टी, क्लास ३ चे १५० किलोपर्यंतचे काटे अशी छोटी यादी होती, २०२५ मध्ये ती १८ प्रकारांपर्यंत वाढवली. माझं मत म्हणाल तर केंद्रं हवीत, कारण काम प्रचंड आहे आणि खाजगी लॅबकडे माणसं आणि यंत्रं आहेत.

मसालेगल्ली:
मला थोडी भीती वाटते. जो केंद्र चालवतो त्याचाच भाऊ काटे विकत असेल, रिपेअर करत असेल तर? विद्यार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासल्यासारखं होईल. सरकारी निरीक्षकाबद्दल तक्रार करायला वर वैधमापन नियंत्रक आहेत, मुंबईत फोर्टला ऑफिस आहे, लेखी देता येतं. खाजगी केंद्राच्या बाबतीत दुकानदार कुणाकडे जाणार हे आधी लोकांना नीट सांगायला हवं. आणि परत तेच, त्यांच्या वजनांची तारीख भिंतीवर. सरकारी असो खाजगी असो, कलम ९ मागची भावना दोघांना सारखीच लागू पाहिजे.

ग्रॅम मिलिग्रॅम:
विकणारा आणि तपासणारा एक नको, याला माझा पूर्ण पाठिंबा. तारखेच्या बाबतीत तर आपलं आधीपासूनच एकमत आहे.

वेसावकर:
केंद्र मासळी बाजाराजवळ आलं तर आम्हाला हवंच. फक्त फीचा तक्ता मराठीत आणि मोठ्या अक्षरात.

लाडू आणि बरंच:
मी अंधेरीला घरून लाडू, चकल्या, मेतकूट विकते, सोसायटीत आणि ग्रुपवर ऑर्डर येतात. काटा ऑनलाइन स्वस्तात मागवलेला स्वयंपाकघरातला. हा धागा वाचून घाबरले. मला पण शिक्का लागतो का? घरगुती आहे माझं, दुकान नाही.

मसालेगल्ली:
घाबरू नका ताई. घरी केक करायला पीठ मोजता तिथे काही लागत नाही. पण त्याच काट्यावर तोलून अर्धा किलो लाडू म्हणून पैसे घेतलेत की तो व्यवहार झाला आणि मग शिक्का लागतो, दुकान असो नसो. तुमच्या काट्याच्या पट्टीवर आयएनडीवाला मॉडेल अप्रूव्हल नंबर आहे का बघा. स्वयंपाकघरातल्या बहुतेक स्वस्त काट्यांवर तो नसतो आणि तसा काटा पासिंगला नेऊन उपयोग नाही, परत पाठवतील. लायसन्स असलेल्या विक्रेत्याकडून छोटा क्लास ३ चा घ्या, शिक्का मारलेला आणि प्रमाणपत्रासकटच मागा. मेतकूट ५० ग्रॅम १०० ग्रॅमचं विकत असाल तर ई १ ग्रॅमचाच घ्या.

आणि आधीच पाकिटं भरून ठेवत असाल तर पाकिटावर निव्वळ वजन, किंमत सर्व करांसहित, तुमचं नाव पत्ता, बनवल्याचा महिना वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे लिहावं लागतं, ते २०११ च्या पाकीटबंद मालाच्या नियमांत आहे. अन्नाचं रजिस्ट्रेशन हा वेगळा विषय, तो इथे नको. डब्याचं वजन धरू नका, नाहीतर दादरकर काका येतील.

लाडू आणि बरंच:
खूप खूप आभार. पट्टी बघितली, फक्त ५ किलो आणि १ ग्रॅम लिहिलंय, नंबर काहीच नाही. नवीन घेते. ऑफिसात जाऊनच विचारू का की विक्रेता करून देईल?

मसालेगल्ली:
नवीन काटा विक्रेत्याकडून शिक्क्यासकट मिळतो, फक्त प्रमाणपत्रावर तुमचं नाव आणि पत्ता टाकून घ्या आणि बिल जपून ठेवा. पुढच्या वर्षी फेरपडताळणीला मात्र तुमच्या भागाच्या निरीक्षकाच्या ऑफिसात स्वतः जा, अंधेरीचं कुठलं ते वैधमापन विभागाच्या वेबसाइटवर बघा. तिथे गेलात की साहेबांच्या वजनपेटीचं प्रमाणपत्र कधीचं आहे ते नम्रपणे विचारा आणि काय उत्तर मिळालं ते इथे येऊन लिहा. बाकीच्यांनीही आपापल्या भागात विचारा, तारखा इथे गोळा करू आणि आपण सगळे मिळून नियंत्रकांना एक पत्र देऊ. पत्राचा मसुदा मी या रविवारी टाकते.

ग्रॅम मिलिग्रॅम:
मसुद्याला मदत करतो. कलम ९ चा मजकूर जसाच्या तसा घाला आणि त्याखाली फक्त तारीख भिंतीवर लावायची मागणी, वेगळं काही मागायची गरजच नाही.